काडतुसाची बंदूक आणि २५ मार्चचा हप्ता

पत्र राजापूर तालुक्यातून आलं आहे. थोडं कापून देतो.

"आमची आंब्याची १८० कलमं आहेत. मी एसटीत वाहक, हातात ३२ हजार येतात. घरात आई, बायको आणि अकरावीतली मुलगी. वडिलांच्या मागे शेती संरक्षणाचा परवाना माझ्या नावावर झाला. बंदूक ठासणीची आहे, म्हणजे तोंडाकडून दारू ठासून भरायची, पावसाळ्यापासून खुंटीवरच आहे. माकडं मोहर ठेवत नाहीत की कैरी ठेवत नाहीत, वर्षाला ६०-७० हजारांचं नुकसान होतं. म्हणून बारा बोरची काडतुसाची बंदूक घ्यायची म्हणतो. दुकानात नवी एकनळी ४५ हजार, नवी दुनळी ९५ हजार सांगतात. एक जुनी दुनळी ४० हजारांत मिळते आहे, तिला ५ हजार बयाणा दिलाय. बँकेतून घेतलेली एक पॉलिसी आहे, वर्षाला १ लाख असे १० वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी साडेएकवीस लाख मिळणार. दोन हप्ते ३ लाखांच्या पीककर्जातून भरले, तिसरा २५ मार्चला आहे. तो भरला की पॉलिसीवर कर्ज मिळेल, त्यातून बंदूक घ्या, असं बँकेतले साहेब म्हणतात. गेल्या वर्षी आंबा उशिरा आला, पीककर्ज मुदतीत फिटलं नाही, २८ हजार व्याज गेलं. तर दुनळी घेऊ की एकनळी? आणि कर्ज पॉलिसीवर काढू की बायकोच्या सोन्यावर?"

भाऊ, तुम्ही एकनळी की दुनळी हे विचारलंत आणि सगळ्यात महाग गोष्ट मधल्या एका वाक्यात सांगून मोकळे झालात. "दोन हप्ते पीककर्जातून भरले." मी ते वाक्य तीनदा वाचलं.

महाराष्ट्रात ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजना मिळून ते शून्य टक्क्याने पडतं. शून्य. इतकं स्वस्त कर्ज टाटा-बिर्लांनाही मिळत नाही. अट एकच, मुदत चुकवायची नाही. चुकली की सवलत गेली आणि बँकेचा पूर्ण दर लागला. तुम्ही त्या ३ लाखांतला १ लाख खत, फवारणी, राखणदार सोडून विम्याच्या हप्त्यात घातलात. आंबा उशिरा आला तेव्हा फेडायला हातात काही नव्हतं आणि २८ हजार गेले. दोष उशिरा आलेल्या आंब्याचा नाही. आंबा कोकणात चार वर्षांतून दोनदा उशिरा येतोच, ते तुम्हाला मी सांगायला नको. तो लाख खात्यात असता तर कर्ज मुदतीत फिटलं असतं, निदान बरंचसं.

आता ती पॉलिसी. साहेबांनी तुम्हाला हिशोब बहुतेक असा मांडून दाखवला असेल: १० लाख भरले, साडेएकवीस मिळाले, म्हणजे साडेअकरा लाख नफा, १० वर्षांनी भागा, वर्षाला साडेअकरा टक्के. हा हिशोब बँकेच्या टेबलावर इतका सर्रास चालतो की मला त्याचा आता राग येत नाही, नुसता कंटाळा येतो. पैसे १० वर्षं अडकत नाहीत, पहिला हप्ता २० वर्षं अडकतो. नीट मांडलं तर हा परतावा वर्षाला ५ टक्के पडतो, वर काही नाही. हेच लाख-लाख रुपये पोस्टात पीपीएफला टाकले असते आणि एप्रिल २०२० पासून चालू असलेला ७.१ टक्के दर तसाच धरला, तर विसाव्या वर्षी साडेएकोणतीस लाखांच्या आसपास होतात. फरक ८ लाखांचा. तुमच्या दुकानदाराच्या दराने आठ नव्या दुनळ्या.

"पण विमा पण आहे ना त्यात?" आहे. अशा पॉलिसीत तो साधारण हप्त्याच्या दहा पट असतो, म्हणजे १० लाख. मुलगी अकरावीत, आई घरात, डोक्यावर ३ लाख कर्ज. उद्या एसटीच्या घाटात काही झालं तर त्यातले ३ लाख कर्जातच जातील. उरलेल्या सातात मुलीचं शिक्षण आणि आई-वहिनींचं पुढचं आयुष्य बसवून दाखवा. ५० लाखांचा साधा मुदत विमा, ज्यात शेवटी काही परत मिळत नाही म्हणून कोणी साहेब तो विकायला तुमच्या मागे लागत नाही, तो चाळिशीतल्या निर्व्यसनी माणसाला साठीपर्यंतसाठी वर्षाला १२ ते १५ हजारांच्या घरात मिळतो. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटीही गेला आहे. तुम्ही वय लिहिलेलं नाही, तंबाखूचंही लिहिलेलं नाही. अर्जात दोन्ही खरं लिहा.

तर मग भरलेल्या २ लाखांचं काय करायचं? इथे लोक अडकतात. इतके भरले, आता सोडून कसं चालेल? पुढचे आठ हप्ते जर ७.१ टक्क्यांनी वाढले, तर विसाव्या वर्षी त्यांचेच जवळजवळ २२ लाख होतात. पुन्हा वाचा. भरलेले २ लाख समुद्रात बुडाले, एक पैसा परत आला नाही असं धरलं, तरी तुम्ही पॉलिसीच्या साडेएकवीस लाखांच्या मागे पडत नाही. आणि ते सगळे बुडणारही नाहीत. कंपनीकडे दोन आकडे लेखी मागा: आज पॉलिसी बंद केली तर किती मिळतील, आणि हप्ते थांबवून ती तशीच ठेवली तर विसाव्या वर्षी किती मिळतील. फोनवर नको, व्हॉट्सॲपवर नको, कंपनीच्या कागदावर. ऑक्टोबर २०२४ नंतर आलेल्या योजनांत पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरला असला तरी बंद करताना काही ठरावीक मूल्य द्यावं लागतं. तुमची त्याआधीची असेल तर अटी वेगळ्या असतील, कागद बघा. साहेब म्हणतील, अजून एक भरा, मग जास्त मिळतील. त्यांना विचारा, एक लाख आणखी भरून नक्की किती हजार जास्त मिळतील. पेन हातात द्या.

आणि हो, पीपीएफचे आकडे मी फक्त तुलनेसाठी दिले. उद्या उठून पोस्टात जाऊ नका. तुमच्याकडे गुंतवायला वर्षाला १ लाख नाहीतच. ते पीककर्जाचे आहेत.

पॉलिसीवर कर्ज काढून बंदूक घ्यायची कल्पना कोणाची, ते तुम्ही लिहिलंच आहे. ५ टक्के देणाऱ्या वस्तूवर ९-१० टक्क्यांनी कर्ज, आणि ते मिळावं म्हणून आधी १ लाख भरायचे! ४५ हजारांची बंदूक घ्यायला लाखाचा हप्ता. वहिनींचं सोनं पेटीतच राहू द्या.

आता बंदूक. माझं आजोळ वेंगुर्ल्याकडचं, मामांकडे ठासणीची होती, त्यामुळे या विषयावर थोडं बोलायचा अधिकार सांगतो.

पहिली गोष्ट, बयाणा घाईने दिलात. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये पीक राखणीसाठी मुळात ठासणीचीच बंदूक गृहीत धरली आहे. ठासणीची पुरत नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, म्हणजे तुमची बारा बोर, परवान्यावर चढते. आधी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज, मग पोलिसांचा अहवाल, मग मंजुरी, आणि दुकान त्यानंतर. परवान्यावर नोंद नसताना कुठलाही दुकानदार बंदूक तुमच्या हातात देऊ शकत नाही. जुन्या दुनळीचा मालकही कार्यालयाला कळवल्याशिवाय ती विकू शकत नाही. या हंगामात ती तुमच्या खांद्यावर येणार नाही हे गृहीत धरा.

दुसरी गोष्ट, ६०-७० हजार वाचतील ही आशा. माकडं येतात सकाळी आठ ते अकरा आणि पुन्हा उन्हं कलल्यावर. त्या वेळी तुम्ही कुठे असता? राजापूर-रत्नागिरी गाडीत, तिकिटाचं मशीन हातात घेऊन. बंदूक परवानाधारकाची असते. राखणदार कितीही भरवशाचा असला तरी परवान्यात त्याची नोंद नसताना त्याच्या हाती ती देता येत नाही. म्हणजे तुमच्या सुट्टीचे दोन दिवस राखण होणार. त्यात निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात. २०२४ साली १६ मार्चला आचारसंहिता लागली, रत्नागिरी-सिंधुदुर्गात मतदान ७ मे रोजी झालं आणि आचारसंहिता उठली जूनमध्ये. अख्खा आंबा त्यात गेला. जमा करण्यातून सूट मागता येते, अर्ज समितीपुढे जातो, पण मिळेलच असं धरून पैसे गुंतवू नका. शिवाय वन्यजीव कायद्याने परवानगीशिवाय जनावर मारता येत नाही, म्हणजे कामाचा आहे तो आवाज. आवाजासाठी एक काडतूस शंभर-सव्वाशे रुपयांचं. हंगामात ५० उडवलीत तर ५-६ हजार तिथेच गेले. माझा अंदाज, बंदुकीने तुमचे वर्षाला १५ हजार वाचतील, आणि तेही माकडं बुजतील तोवरच. खडकीच्या कारखान्याच्या काडतुसाला घाबरणारं माकड तिसऱ्या आठवड्यात फक्त पलीकडच्या कलमावर जाऊन बसतं.

तरीही घ्यायची असेल तर नवी एकनळी. लगेच दुसरा बार काढायची घाई शिकाऱ्याला असते, राखण्याला नाही. आणि ती ४० हजारांची जुनी दुनळी? बयाणा परत मिळत नसेल तर निदान मोडून बघा. पुढचा लाकडी हात काढून ठेवा, बंदूक बंद करून दस्ता, म्हणजे मागचा लाकडी भाग, धरून हलवा. सांध्यात खडखड वाजली तर सोडा. नळ्या वेगळ्या करून उजेडाकडे धरा, आत देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसले तर सोडा. नळीवर बाहेरून वेलबुट्टीसारखी वळणदार नक्षी लोखंडातच असेल तर ती जुन्या काळ्या दारूच्या जमान्यातली नळी आहे, आजचं काडतूस तिच्यात घालू नका. आणि काडतूस बसतं ते घर किती लांब आहे, ६५ की ७० मिलिमीटर, हे गनस्मिथकडून, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडून, मोजून घ्या. ७० चं काडतूस ६५ च्या घरात ढकलणारे आमच्याकडे कमी नाहीत.

निगा राखण्याचा खर्च पैशात फार नाही, सवयीत आहे. तेल, ब्रश, चिंध्या मिळून वर्षाला हजारही लागत नाहीत. पण खारा वारा आणि जून ते सप्टेंबरची दमट हवा नळी खाते. मामा खोबरेल लावायचे. श्रावणात त्याचा चिकट थर व्हायचा आणि गणपतीला काढली की खाली तांबूस ठिपके. बंदुकीचं रंगून ऑइल आणा, पातळ हात फिरवा, पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी काढून पुसा. चामड्याच्या किंवा फोमच्या पिशवीत घालून ठेवू नका, ओल आतच राहते. रबराची गादी, पट्टा, दस्त्याला पॉलिश, असले लाड नंतर. राखणीच्या बंदुकीला त्यांनी काही फरक पडत नाही.

पैसे कुठून आणायचे? २५ मार्चचा हप्ता भरू नका. तो लाख पीककर्जाच्या खात्यातच राहू दे आणि कर्ज या वेळी मुदतीत फेडा. पॉलिसी बंद करून जे येईल त्यातून मुदत विम्याचा पहिला हप्ता आणि घरात चार महिन्यांचा खर्च बाजूला. यंदा व्याजाचे २८ हजार वाचले की त्यात गणपतीनंतर १७ हजार घाला, एकनळी रोखीने झाली. अर्ज आजच टाका, म्हणजे मोहराआधी परवान्याचंही मार्गी लागेल. तोवर राखणदाराचे दिवस वाढवा. तो रोज सकाळी आठला बागेत असतो, तुम्ही नसता.

एक राहिलं. तुमची ठासणीची पावसाळ्यापासून खुंटीवर आहे म्हणता. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ती कुलपात हवी, आणि घरात अकरावीतली मुलगी आहे. पण त्याआधी ती भरलेली आहे का ते बघा. कोकणात अर्ध्या खुंट्यांवरच्या बंदुका भरलेल्या असतात आणि कोणाला आठवत नसतं. आधी केप, म्हणजे घोड्याखालची ठिणगी पाडणारी टोपी, काढलेली आहे ना ते पाहा. बंदूक आडवी ठेवा, तोंड मातीच्या भिंतीकडे, तोंडासमोर स्वतः येऊ नका. बाजूने गज नळीत सोडा, तोंडाशी गजावर खूण करा. मग गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावा. खूण तोंडाशी धरली असता गजाचं दुसरं टोक नळीच्या मुळाशी पोचायला हवं. चार बोटं अलीकडेच थांबलं तर आत बार आहे. तो स्वतः काढू नका. गनस्मिथला घरी बोलवा, त्याचे दोन-तीनशे रुपये मी खर्चात धरले आहेत.