शीर बंद केली तर पाय वाळेल का?

प्रश्न : डॉक्टरताई, माझं वय 46. तीन बाळंतपणं झाली. कापूस वेचायला, निंदायला रोज जाते. डाव्या पोटरीवर निळ्या शिरांच्या गाठी झाल्यात. संध्याकाळी पाय भरून येतो, रात्री पोटरीत गोळे येतात. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळी पडून राहिली, खाजही सुटते. मांडीवर बारीक जांभळं जाळंही आहे. यवतमाळच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीत बघून फेसाचं इंजेक्शन घ्या म्हणून सांगितलं. सासूबाई म्हणतात, शीर बंद केली तर पाय वाळून जाईल. वेचणी चालू आहे, फाल्गुनात केलं तर चालेल का?
— एक वाचक, ता. दारव्हा

उत्तर : ताई, आधी सासूबाईंच्या शंकेबद्दल. पाय वाळत नाही. पायाला रक्त पुरवतात त्या धमन्या, त्यांना कोणी हात लावत नाही. तुमच्या फुगलेल्या शिरा रक्त वर, हृदयाकडे नेणाऱ्या आहेत. त्यातलंही बहुतेक रक्त स्नायूंच्या आतल्या खोल शिरांतून जातं. कातडीखालच्या शिरेतल्या झडपा निकामी झाल्या की चढलेलं रक्त परत खाली येतं. विहिरीवरच्या मोटरचा फूटव्हॉल्व्ह गळायला लागला की पाइपातलं पाणी पुन्हा विहिरीत उतरतं, तसंच हे. अशी शीर बंद केली की रक्त चांगल्या शिरांनी वर जातं आणि पायावरचा ताण उतरतो.

गाठी पोटरीवर दिसतात, पण गळती बहुधा वर असते, जांघेत नाहीतर गुडघ्यामागे. म्हणून आधी डॉप्लर सोनोग्राफी, तीही तुम्हाला उभं करून. पोटरी दाबून सोडतात आणि रक्त उलटं किती वेळ येतं ते बघतात. अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ आलं तर झडप गळते. झोपवूनच तपासलं असेल तर पुन्हा उभं करून बघा म्हणून सांगा, संकोच करू नका.

इंजेक्शनच्या वेळी दोन सिरिंज एका तोटीने जोडतात आणि एक भाग औषध, चार भाग हवा असं भराभर इकडून तिकडे ढकलतात. धार काढताना चरवीत येतो तसा पांढरा, दाट फेस होतो. पडद्यावर सुई शिरेत दिसली की तो सोडतात. फेस रक्ताला पुढे सारतो, औषध शिरेच्या आतल्या भिंतीला लागतं, भिंत सुजून चिकटते आणि काही महिन्यांत शीर आकसून दोरीसारखी होते. भूल लागत नाही, टाकेही नाहीत. एका बैठकीत साधारण 10 मिलीपेक्षा जास्त फेस देत नाहीत, म्हणून दोन-तीन खेपा होऊ शकतात. मुख्य शीर फारच रुंद असेल तर नुसत्या फेसाने ती पुन्हा उघडण्याची शक्यता जास्त. तेव्हा लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी बरी, त्यात शीर आतून उष्णता देऊन बंद करतात. शीर किती मिलिमीटर आहे, हे विचाराच.

मांडीवरचं जाळं वेगळं. त्याला बारीक सुईने पातळ औषध देतात, पण त्याची घाई नाही. मी असते तर तो पैसा सध्या राखून ठेवला असता.

फाल्गुनापर्यंत मात्र थांबू नका. काळी पडलेली कातडी ही जखमेच्या आधीची पायरी आहे. माझी आई भंडाऱ्याकडे धानाच्या रोवणीला जायची. तिच्या घोट्याजवळ अशीच कातडी काळी झाली, मग जखम. चार वर्षं मलमं, हळद, पट्ट्या चालल्या. एका दवाखान्यात तर इसब म्हणूनच उपचार झाले. तिला उभं करून पाय कोणी बघितला नाही. तुमची जखम अजून झालेली नाही, ताई, हे फार मोठं आहे.

शिवाय इंजेक्शननंतर घट्ट मोजे दिवसा घालावे लागतात, काहींना काही आठवडे. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात ते कोणाच्याने सोसत नाहीत. थंडीतच उरका. एक वेचा आटोपला की दुसरा यायच्या आत करा. त्याच दिवशी अर्धा तास चालायचं, घरातली कामंही चालतील. पण आठ-पंधरा दिवस दिवसभर उभं राहून वेचणी नको.

आधी रक्ताची गुठळी झाली असेल, हृदयात छिद्र असेल, अर्धशिशी असेल किंवा दिवस गेले असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा. नंतर शिरेवर दुखरी गाठ किंवा तपकिरी रेघ येते, ती काही महिने राहू शकते. पण पूर्ण पोटरी एकाएकी सुजली, छातीत दुखलं, धाप लागली तर रात्र असली तरी मोठ्या दवाखान्यात जा. कधी फुगलेली शीर फुटून रक्ताची चिळकांडी उडाली तर घाबरू नका. आडवं व्हा, पाय वर करा, स्वच्छ कापडाने त्याच जागी घट्ट दाबा. वरून दोरीने आवळू नका.

खर्चासाठी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला फुले योजनेत हे बसतं का ते विचारा. आणि सोनोग्राफीला सासूबाईंना सोबत न्या. पोटरी सोडल्यावर उलटं येणारं रक्त पडद्यावर दिसतं, मशीनमधून त्याचा सूंसूं आवाजही येतो. तो त्यांना ऐकू द्या.