कूलरच्या पिना तुटल्या, आता प्रोसेसरवर घट्ट कसा बसवू?

प्रश्न: माझ्या पीसीत इंटेलचा एलजीए ११५१ (प्रोसेसर बसतो त्या सॉकेटचा प्रकार) वाला प्रोसेसर आहे आणि त्याच्यासोबत आलेलाच गोल कूलर. साफ करायला काढला तर चारपैकी दोन पुश पिनचे पांढरे पाय तुटले. आता एका बाजूने कूलर हलतो, बायोसमध्येच (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंग स्क्रीनवर) टेम्परेचर ९० च्या वर जातं. सुट्या पिना कुठे मिळत नाहीयेत. झिप टायने बांधू का ग्लूने चिकटवू?

उत्तर: ग्लू अजिबात नको, परत कूलर काढायची वेळ आली तर काय करणार? झिप टाय एखादा दिवस डेटाचा बॅकअप घेण्यापुरता ठीक आहे, पण नायलॉन गरम राहून राहून हळूहळू ताणला जातो आणि पकड सैल पडते. नुसता कूलर जागेवर राहून भागत नाही हो, चारही कोपऱ्यांवर सारखा दाब हवा. बॅकअप सोडला तर तसा दाब बसेपर्यंत पीसी चालू करू नका. लगेच जळणार नाही, प्रोसेसर तापला की स्वतःच स्पीड कमी करतो, तरी नाही भागलं तर बंद पडतो, पण उगाच कशाला ताण द्यायचा.

एम३ चे (म्हणजे ३ मि.मी. जाडीचे) ३० ते ३५ मि.मी. लांब चार बोल्ट घ्या. चारही पिना काढा, धड असलेल्या दोनसुद्धा, नाहीतर दाब वाकडा बसतो. बोर्डावरची भोकं साधारण ४ मि.मी. ची असतात, बोल्ट आरामात जातो. मदरबोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून बोल्ट मागून घाला, आणि डोकं आणि बोर्ड यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर पाहिजेच. भोकाच्या आजूबाजूने केसाएवढे बारीक तांब्याचे ट्रॅक गेलेले असतात, लोखंडी डोकं त्यावर घासलं की वरचा थर खरवडला जातो आणि शॉर्ट होतो. डोकं चपटं घ्या, मागे कॅबिनेटच्या पत्र्याला टेकायला नको. पिन काढल्यावर कूलरच्या पायाचं भोक बरंच मोठं उरतं म्हणून वरून मोठा वॉशर, मग जमलं तर छोटी कडक स्प्रिंग आणि शेवटी आत नायलॉनची रिंग असलेला नट, हा नट फॅनच्या थरथरीने सैल होत नाही.

आवळताना समोरासमोरचे कोपरे, एकेक नट अर्धा फेरा, आलटून पालटून. कूलरचे पाय किंचित वाकले आणि हाताने कूलर फिरेनासा झाला की थांबा!! जास्त आवळलं तर बोर्ड वाकतो, सॉकेटच्या पिनांचा कॉन्टॅक्ट बिघडतो आणि मग एका स्लॉटमधली रॅमच दिसत नाही, लोक रॅम बदलत बसतात आणि दोष असतो कूलरचा.

प्रोसेसर आणि कूलरच्या मधली जुनी थर्मल पेस्ट पुसून नवीन थोडीशीच लावा, एकदा बसवून परत काढून बघा. ठसा सगळीकडे सारखा पातळ दिसला तर बरोबर, एका बाजूला जाड राहिला असेल तर तिकडचा नट ढिला आहे. मग पुसून परत पेस्ट लावून बसवा.

प्रश्न: हाच कूलर पुढे एलजीए १७०० च्या बोर्डावर चालेल का?

उत्तर: सरळ नाही बसणार. ११५१ ला भोकांमधलं अंतर ७५ मि.मी. आहे, १७०० ला ७८. शिवाय तिथे प्रोसेसर थोडा खाली बसतो, त्यामुळे भोकं जुळवली तरी दाब कमी पडू शकतो. कूलर कंपनीचा १७०० वर बसवायचा किट मिळत असेल तर तोच घ्या, आणि काहीही झालं तरी बोर्डाची भोकं मोठी करू नका.