मायटोकॉन्ड्रियाचे आजार फक्त आईकडूनच येतात का?

नाही. भाच्याला ली सिंड्रोम (मेंदूला इजा करणारा मायटोकॉन्ड्रियाचा आजार) निघाला म्हणून घाटकोपरला सासरी तुमच्या बहिणीला बोल लावतायत, हे वाचून फार वाईट वाटलं. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणारे भाग. त्यांचा स्वतःचा डीएनए आईकडून येतो, हे खरं. पण त्यात जनुकं फक्त ३७, आणि प्रथिनं बनवणारी त्यातली १३. मायटोकॉन्ड्रियाला लागणारी बाकी हजारेक प्रथिनं पेशीच्या केंद्रकातल्या जनुकांवरून बनतात, आणि ती आई-वडील दोघांकडून येतात.

ली सिंड्रोम ७५ हून अधिक जनुकांमुळे होऊ शकतो, त्यातली बहुतेक केंद्रकातली. उदाहरणार्थ एसयूआरएफ१: दोघं पालक ठणठणीत, पण वाहक, म्हणजे दोघांकडे त्या जनुकाची एक प्रत सदोष, मग प्रत्येक गरोदरपणात धोका २५ टक्के. दोष आईकडच्या डीएनएत असला तरी तो तिच्या हातात थोडाच असतो?

पुढच्या बाळाचा विचार करण्याआधी नेमकं जनुक शोधा. एक्झोम तपासणीसोबत (ती केंद्रकातली प्रथिनं बनवणारी जनुकं वाचते) मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचीही मागा, नाहीतर अर्धं चित्र सुटतं. परळचं केईएम दुर्मीळ आजारांचं सरकारमान्य केंद्र आहे. तिथे जेनेटिक सल्ल्याला नवराबायको दोघांनी जा. मुलाला फिट येत असतील तर व्हॅलप्रोएट हे फिटचं औषध देण्याआधी डॉक्टरांना मायटोकॉन्ड्रियाच्या आजाराचं आवर्जून सांगा. पीओएलजी जनुकात दोष असेल तर त्याने यकृत निकामी होऊ शकतं.