लिएन ठेवूनच जा

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सरकार आलं तर अर्थखात्यात काम, पुढे जमल्यास तिकीट, असं पक्षाने तुला सांगितलंय आणि विद्यापीठातली नोकरी सोडू का, असं तू विचारतेस. सोडू नकोस. बिनपगारी रजा घे, लिएन ठेव, म्हणजे परत येण्यासाठी तुझ्या मूळ जागेवरचा हक्क राखून ठेव, आणि जा.

‘जा’ म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर असीम दासगुप्ता आहेत. अमेरिकेतल्या एमआयटीची डॉक्टरेट, कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक आणि १९८७ पासून २०११ पर्यंत पश्चिम बंगालचे अर्थमंत्री. त्यांच्या पक्षाशी माझं कधी जमलं नाही, पण व्हॅटचं, म्हणजे विक्रीकराच्या जागी आलेल्या मूल्यवर्धित कराचं, काम बघ. आपण ते वर्गात अर्ध्या तासात उरकतो. सुतावर भरलेला कर कापडाच्या करातून वजा, कापडावरचा शर्टाच्या करातून वजा. फळ्यावर कुणी भांडत नाही. राज्यांच्या अर्थमंत्र्यांची समिती २००० मध्ये झाली, दासगुप्ता तिचे अध्यक्ष. व्हॅट लागू व्हायला १ एप्रिल २००५ उजाडलं. महाराष्ट्र पहिल्याच दिवशी आत आला. भाजपची सत्ता असलेली बरीच राज्यं वर्षभर बाहेर थांबली. उत्तर प्रदेशाने तर जानेवारी २००८ गाठलं.

घोडं सिद्धांतापाशी अडलं नव्हतं. विक्रीकर गेल्यावर तिजोरीत खड्डा पडला तर तो कोण भरणार, हा प्रश्न होता. शेवटी केंद्राने पहिल्या वर्षी तुटीची पूर्ण भरपाई, दुसऱ्या वर्षी ७५ टक्के, तिसऱ्या वर्षी ५० टक्के कबूल केली, तेव्हा कुठे गाडी हलली. त्या वाटाघाटींवर मला अख्खं सत्र शिकवता येईल. कुठल्याच पाठ्यपुस्तकात ते प्रकरण नाही.

मला हे फार उशिरा कळलं. शहरात येणाऱ्या मालावरची जकात कशी वाईट, यावर मी एका समितीसाठी चाळीस पानी टिपण लिहिलं होतं. ट्रक किती तास खोळंबतात, डिझेल किती जळतं, सगळे तक्ते जोडले होते. बैठकीत एका नगराध्यक्षांनी ते मिटून बाजूला ठेवलं आणि म्हणाले, “सर, तुमचं सगळं बरोबर. पण सफाई कामगारांचा पगार सात तारखेला होतो. नाका बंद केला तर सहा तारखेला मी कुणाच्या दारात जाऊ?” टिपणात पगारपत्रक नव्हतं. तू मात्र कुठलाही कर उचलायचा सल्ला देण्याआधी त्यावर कुणाची चूल पेटते ते विचार, आणि त्याचा आकडा पहिल्याच पानावर घाल. चाळीस पानं कुणी वाचत नाही, हे वेगळं सांगायला नको.

आता लिएनचं. २०११ मध्ये दासगुप्ता खडदह मतदारसंघात पडले. पाडणारे अमित मित्रा, तेही अर्थतज्ज्ञच! केरळचे थॉमस आयझॅक काथ्या कामगारांवर संशोधन केलेले, तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजमधले. अर्थमंत्री असतानाच २०२१ मध्ये पक्षाने दोन टर्मचा नियम दाखवून तिकीट नाकारलं. लोक पाडतात, पक्ष थांबवतो, आणि तुझा शोधनिबंध कुणाला आठवत नसतो.

लिएनचा अर्ज दोन प्रतींत कर. एकीवर आवक विभागाचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस. माझा अर्ज अकरा महिने ‘सापडत’ नव्हता.