बाबांच्या एकाच गाठीचे दोन आकडे का आले?

प्रश्न: मी टीवायबीएस्सीला (बायोटेक) आहे. बाबांना अन्ननलिकेचा कॅन्सर आहे. त्यांच्या एकाच बायोप्सीचा पीडी-एल1 रिपोर्ट दोन लॅबमधून आला. एकात 12, दुसऱ्यात 2 टक्के. चूक कोणाची? मला याच क्षेत्रात काम करायचंय. काय शिकू?

उत्तर: बाळा, आधी बाबांचं बोलू. कदाचित कोणाचीच चूक नसेल. पीडी-एल1 हे पेशींवरचं एक प्रथिन; ते किती आहे यावरून इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं) द्यायची का हे ठरवायला मदत होते. तू पाठवलेल्या पहिल्या रिपोर्टवर सीपीएस लिहिलंय, दुसऱ्यावर टीपीएस; ही मोजायची दोन वेगळी मापं आहेत. समज, स्लाइडवर कॅन्सरच्या 100 पेशी आहेत. पीडी-एल1 असलेल्या पेशी तपासणीत रंगतात. त्यातल्या 2 रंगल्या आणि आजूबाजूच्या प्रतिकार पेशींपैकी 10 रंगल्या. टीपीएसमध्ये फक्त कॅन्सरच्या पेशी धरतात, म्हणून 2 टक्के. सीपीएसमध्ये रंगलेल्या लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज या प्रतिकार पेशीही धरतात, म्हणून 12. त्यात पीडी-एल1 ला चिकटून रंग दाखवणाऱ्या अँटीबॉडीही वेगवेगळ्या असतात: पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाच्या चाचण्यांत 22सी3, निवोलुमॅब या दुसऱ्या औषधाच्या चाचण्यांत 28-8. अन्ननलिकेसाठी पहिल्या औषधाच्या कीनोट-590 चाचणीत सीपीएस 10 ची रेषा महत्त्वाची होती, दुसऱ्याच्या चेकमेट-648 मध्ये कॅन्सर पेशींच्या 1 टक्क्याची. म्हणून कोणता आकडा कोणत्या औषधासाठी, हे पाहिल्याशिवाय तुलना करूच नये.

ही तुलना नीट करणं हेच एक मोठं काम आहे. एकाच ब्लॉकचे (मेणात बसवलेल्या बायोप्सीच्या तुकड्याचे) लागोपाठचे काप घ्यायचे, प्रत्येकावर वेगळी अँटीबॉडी लावायची, आणि पॅथॉलॉजिस्टनी एकमेकांचे आकडे न बघता मोजायचं. कॅन्सरच्या पेशींवर बहुतेक वेळा एकमत होतं. मतभेद होतात ते प्रतिकार पेशी मोजताना.

मी सहा वर्षं हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे ऊतींचे काप तपासणाऱ्या विभागात काढली. मायक्रोटोम या काप काढायच्या यंत्रावरून सुटलेला चार मायक्रॉनचा काप कोमट पाण्यावर दुधाच्या सायीसारखा तरंगतो. स्लाइडवर घेताना सुरकुती पडली, तर तिथे रंग साचतो आणि मोजणारा फसतो. रंग नीट चढला का हे कळायला सोबत टॉन्सिलचा काप लावतात; तोच नीट रंगला नाही, तर रुग्णाची स्लाइड वाचायचीच नाही. हे हाताला कळलेला माणूस पुढे संशोधनात फार उपयोगी पडतो. म्हणून माझं स्पष्ट मत: थेट ‘इम्युनोथेरपी रिसर्च’च्या मागे धावू नकोस.

रिपोर्टवर सही करायची असेल, तर एमबीबीएस आणि मग पॅथॉलॉजीत एमडी किंवा डीएनबी. तो रस्ता लांब आहे. घरची आजची परिस्थिती बघून ठरव. लॅबमध्ये काम करायचं तर बीएस्सीनंतर डीएमएलटी (लॅब टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा) कर, हॉस्पिटलं बहुधा तेच मागतात. संशोधन हवं तर एमएस्सी, मग खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकसारख्या (टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र) ठिकाणी पीएचडी. पण फॉर्म भरण्याआधी कॉलेजचं पत्र घेऊन जवळच्या मेडिकल कॉलेजच्या हिस्टोपॅथॉलॉजीत आठवडाभर बसून ये. बाबांच्या आजारपणात घेतलेला निर्णय आहे, तो त्या खोलीतही टिकतो का ते बघ.

आणि या आठवड्यात दोन्ही रिपोर्ट एकत्र घेऊन बाबांच्या ऑन्कॉलॉजिस्टना भेट. विचार: कोणती अँटीबॉडी, कोणता स्कोअर, आणि कोणत्या औषधासाठी.