विचारा, सांगतो : घरपट्टीतले पुस्तकांचे पैसे

एप्रिलमध्ये घरपट्टीची चलनं निघाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. यंदा बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातून आलेली बरीच पत्रं वाचनालयं, गावची साहित्य संमेलनं आणि देवळाजवळचे जुने दगड यांच्याबद्दल आहेत. माझी नोकरी एका नगरपालिकेच्या कर विभागात झाली, आणि संध्याकाळी मी गावच्या वाचनालयात पुस्तकांची देवघेव बघायचो. त्यामुळे हे विषय माझ्या फार जिव्हाळ्याचे आहेत. दोन-तीन उत्तरं लांबली आहेत, ती तशीच ठेवतो.

टिळकवाडी, बेळगाव इथून एक वाचक भगिनी विचारतात : घरपट्टीच्या पावतीवर मूळ कराखाली आणखी तीन-चार रकमा असतात. त्यात एक ग्रंथालयाची आहे असं शेजाऱ्यांनी वाचून सांगितलं. हे पैसे कुठे जातात? महापालिका वर्षभरात वाचनालयासाठी काय करते, हे कुणाला विचारायचं?

ताई, पावतीच्या खालच्या ओळी फार थोडे लोक वाचतात. तुम्ही वाचल्यात, बरं वाटलं. कर्नाटकात 1965 चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. त्यानुसार मूळ मालमत्ता करावर 6 टक्के ग्रंथालय उपकर लागतो. त्याच्या शेजारी दिसतात ते आरोग्य उपकराचे 15 टक्के आणि भिकारी पुनर्वसनाचे 3 टक्के. समजा तुमचा मूळ कर 4000 रुपये आहे, तर 240 रुपये ग्रंथालयाचे झाले. एका बऱ्यापैकी मराठी पुस्तकाची किंमत तेवढीच असते. म्हणजे तुमच्या घरातून दर वर्षी एक पुस्तक शहराच्या ग्रंथालयाला जातं. तेवढाच कर भरणारी हजार घरं धरली तर 2 लाख 40 हजार रुपये होतात. ही रक्कम किरकोळ नाही, आणि ती कुणाची मेहेरबानीही नाही.

आता घोटाळा कुठे होतो ते सांगतो. महापालिका हा उपकर फक्त गोळा करते. तो पुढे शहर ग्रंथालय प्राधिकाराकडे द्यायचा असतो, आणि शहर केंद्रीय ग्रंथालय चालतं ते राज्याच्या सार्वजनिक ग्रंथालय खात्यामार्फत. माणूस महापालिकेत जाऊन विचारतो, ‘मराठी पुस्तकं का घेत नाही?’ तिथला कारकून म्हणतो, ‘ते आमच्याकडे नाही.’ ग्रंथालयात विचारलं तर उत्तर येतं, ‘निधी आला नाही.’ दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात, पण विचारणारा रिकाम्या हातानं घरी जातो. म्हणून प्रश्नाचे दोन भाग करा. गेल्या आर्थिक वर्षात ग्रंथालय उपकर किती जमला आणि त्यातला किती पुढे दिला, हे महापालिकेला विचारा. आलेल्या पैशातून पुस्तकं, नियतकालिकं, इमारत आणि पगार यांवर किती खर्च झाला, आणि पुस्तकांपैकी मराठी किती, हे ग्रंथालयाला विचारा. जमा झालेला उपकर वेळेवर पुढे जात नाही, अशा बातम्या राज्यात अनेक ठिकाणच्या येतात. तेव्हा पहिला प्रश्न टाळू नका.

तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क 10 रुपये. उत्तराची मुदत 30 दिवस. कर्नाटकच्या नियमांत अर्ज 150 शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा असावा लागतो, त्यामुळे दोन कार्यालयांना दोन अर्ज करा. अर्जाची भाषा कायद्यानं इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा अशी ठरवलेली आहे. आपल्याकडे ती राजभाषा कन्नड. मराठीतला अर्ज परत येऊ शकतो आणि त्यात महिना जातो. आपल्या गल्लीत दोन्ही भाषा लिहिणारी पोरं आहेत, त्यांच्याकडून कन्नडमध्ये लिहून घ्या. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलं लिहून घ्यायला मदत करणं हे माहिती अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे, हेही तिथं नम्रपणे सांगायचं.

आणि वेळ पाळा. अंदाजपत्रक मार्चमध्ये मंजूर झाल्यावर निवेदन देऊन काही उपयोग नसतो. आकडे त्याच्या आधी हिवाळ्यातच बसवले जातात. डिसेंबर-जानेवारीत आपल्या नगरसेवकाला आणि कर व अर्थ स्थायी समितीला पत्र पोचलं पाहिजे. पत्रात ‘वाचनसंस्कृती वाढवा’ असं लिहू नका. ‘अमुक वॉर्डातल्या वाचनालयात संध्याकाळी दिवे नाहीत, दोन ट्यूबलाइट आणि एक पंखा हवा’ असं लिहा. कर विभागात असताना पाहिलं आहे, नेमकी मागणी फाइलमध्ये टिकते. मोघम मागणीवर ‘नोंद घेतली’ असा शेरा पडतो आणि ती तिथंच संपते.

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातून एक तरुण लिहितो : काका, आमच्या ग्रामपंचायतीच्या वाचनालयात मराठी पुस्तकं एका फळीवर मावतील एवढीच आहेत, आणि तीही जुनी. गाव जवळजवळ सगळं मराठी. आम्ही मित्र स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. काय करावं?

बाळा, पहिल्यांदा हे लक्षात घे की तुमचं वाचनालय आता गावाच्याच हातात आहे. 2019 साली ग्रामपंचायत वाचनालयं ग्रंथालय खात्याकडून ग्रामविकास व पंचायत राज खात्याकडे आली. पाटीवर ‘अरिवु केंद्र’ लिहिलेलं असेल, ते हेच. ग्रामपंचायतही घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकर घेते. तेव्हा आता जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घालण्याआधी पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, आणि अध्यक्षांकडे जायचं.

दोन दिवस हातचे जाऊ देऊ नकोस. एक ग्रामसभेचा. ती सहा महिन्यांतून एकदा तरी व्हावीच लागते आणि तिच्या आधी वॉर्डसभा असते. वॉर्डसभेत विषय मांडला तर ग्रामसभेत तो नवखा राहत नाही. दुसरा दिवस जमाबंदीचा. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत प्रत्येक ग्रामपंचायतीत वर्षाचा जमाखर्च लोकांसमोर वाचून तपासायचा असतो. गावाला वाटतं, जमाबंदी हे अधिकाऱ्यांचं काम. खरं तर ती गावासाठीच आहे. तिथं उभं राहून विचार : ग्रंथालय उपकर किती आला, पुस्तकांवर किती गेला? आवाज चढवू नकोस. आकडा ऐकून घे, वहीत लिही आणि इतिवृत्तात नोंद करायला सांग.

पुस्तकांची यादी तुम्हीच तयार करून न्या. नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, एकूण रक्कम. यादी नसली की ठेकेदार आणेल ते कपाटात बसतं. मुलांसाठी एक वेगळी फळी मागा, आणि कन्नड पुस्तकंही मागा. गावातली पोरं कन्नड माध्यमातही शिकतात. वाचनालयात दोन्ही भाषांची पुस्तकं मागणाऱ्याचं म्हणणं पंचायतीत लवकर ऐकलं जातं, आणि मला मनापासून वाटतं की ते योग्यही आहे.

तोवर केंद्रात संगणक असेल तर तो वापरा. मराठी विश्वकोश, ज्याचा पहिला खंड तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली 1976 साली आला, तो आता इंटरनेटवर फुकट वाचता येतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुष्कळ जुनी पुस्तकंही तशीच मिळतात. परीक्षेच्या अभ्यासाला ही शिदोरी मोठी आहे.

निपाणी भागातून एका संमेलन समितीचे सदस्य : आमच्या गावात साहित्य संमेलन भरवायचं आहे. ग्रामपंचायतीकडे निधी मागावा का?

पैसे मागू नका, सोयी मागा, असं माझं स्पष्ट मत आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी, बेळगुंदी, सांबरा, कारदगा या गावांनी ग्रंथदिंडी, परिसंवाद, कथाकथन, कविसंमेलन असा बेत लोकवर्गणीवर चालवून दाखवला आहे. बेळगावात अखिल भारतीय संमेलनं झाली, 1929 ला शि. म. परांजपे अध्यक्ष, 1946 ला ग. त्र्यं. माडखोलकर, 2000 ला य. दि. फडके. पण खेड्यातल्या संमेलनात शेतातली कामं आटोपून आलेली बाई पुढच्या रांगेत बसून कविता ऐकते, त्याची सर मला दुसऱ्या कशाला येत नाही. पंचायतीकडे मैदानाची झाडलोट, पाण्याचा टँकर, दिव्यांची सोय आणि शाळेच्या खोल्या मागा. हे देणं त्यांना सोपं जातं. शिवाय एक ठराव करून घ्या : संमेलनाच्या पुस्तक दालनातून त्या दिवशी गावच्या वाचनालयासाठी पुस्तकं घ्यायची, निवड शाळेतल्या मुलांनी करायची. मांडव उतरल्यावर गावात काहीतरी राहिलं पाहिजे.

खानापूर तालुक्यातून एक वाचक : गावच्या देवळाचा जीर्णोद्धार चालू आहे. आवारात कोरीव दगड उभे आहेत. एकावर अक्षरंही आहेत. कमिटी म्हणते, फरशीखाली घालू, नाहीतर रंग देऊन भिंतीत बसवू. कुणाकडे तक्रार करावी?

भाऊ, तक्रार नंतर. आज संध्याकाळीच कमिटीच्या माणसांना भेटा. गवंडी काम सुरू करण्याआधी.

ते दगड बहुतेक वीरगळ असणार. खालच्या चौकटीत लढाई, मधल्यात अप्सरा वीराला वर नेताहेत, वरच्यात तो शिवलिंगापुढे बसलेला आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, असं असेल तर नक्कीच. बांगड्या भरलेला कोपरात वळलेला हात दिसला तर तो सतीचा दगड. वीरगळ म्हणजे गावासाठी, गुरांसाठी किंवा राजासाठी लढताना मेलेल्या कुणाची तरी ती आठवण आहे, आणि बऱ्याचदा त्या गावाचा तेवढाच लिखित इतिहास असतो. तुमच्या तालुक्यातली हलशी ही कदंब राजांची जुनी पलाशिका नगरी. तिथं सापडलेल्या ताम्रपटांवरून दीड हजार वर्षांपूर्वीचे राजे आणि त्यांनी दिलेली दानं कळली. एका गावच्या मातीत एवढं निघालं, तर तुमच्या दगडावर काय आहे ते वाचल्याशिवाय पुरायचं कसं?

कमिटीला चार गोष्टी समजावून सांगा. ऑइलपेंटनं अक्षरं बुजतात आणि आत ओल कोंडून दगडाचे पापुद्रे सुटतात. सिमेंटात बसवलेला दगड पुन्हा काढताना फुटतो. तेल-शेंदूर फासू नका, मशीननं घासू नका. देवळाच्या बाजूला वाळू-खडीच्या थरावर, पावसाचं पाणी साचणार नाही असा एक ओटा करून तिथं उभे ठेवा, खर्च फरशीपेक्षा कमी येतो. हलवण्याआधी प्रत्येक दगडाचे चारही बाजूंनी फोटो घ्या. अक्षरांचा फोटो सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात काढा, उथळ कोरीव काम तेव्हाच उठून दिसतं.

कायद्याचंही सांगा, पण धमकीच्या सुरात नको. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं कोरीव शिल्प हा पुरावशेष ठरतो. जमिनीत काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, त्यासाठी 1878 पासूनचा कायदा आहे. देऊळ मुजराई, म्हणजे देवस्थानांच्या सरकारी, खात्याकडे नोंदलेलं असेल तर तहसीलदार कचेरीत विचारल्याशिवाय जुनं बांधकाम काढूच नये. ग्रामपंचायतीला पत्र द्या आणि त्याची प्रत राज्याच्या पुरातत्त्व, संग्रहालय आणि वारसा खात्याला पाठवा. लेख वाचणारी माणसं येतील, कागदाचा ठसा घेतील. दगड जागचा हलवावाही लागत नाही.

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जुनं जैन मंदिर, तुम्ही पाहिली असेल. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज यानं तेराव्या शतकाच्या आरंभी बांधलेली. तिथल्या जिनालयाला दिलेल्या दानाचे 1204 सालचे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. बेळगावचं देऊळ बेळगावात आणि त्याचा दाखला साता समुद्रापार, ही गोष्ट मनाला लागते. तुमच्या गावचा दाखला अजून गावात आहे. तो फरशीखाली जाऊ देऊ नका. कमिटीतली माणसं देवभक्त आहेत, त्यांना दगडावरच्या त्या वीराची ओळख करून द्या. मी पाहिलं आहे, ओळख पटली की तीच माणसं ओटा बांधायला पुढे येतात.

बेळगावातून एक विद्यार्थिनी : माझ्या गावाचा जुना इतिहास कुठे वाचायला मिळेल?

बेटा, मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा 21 वा खंड बेळगाव जिल्ह्याचा आहे, 1884 सालचा. त्यात गावं, बाजार, तळी, देवळं, पिकं यांची नोंद आहे आणि तो इंटरनेटवर वाचता येतो. इंग्रजीत आहे, पण सोप्या. त्यात गावाच्या नावाचं स्पेलिंग आजच्यासारखं नसेल, म्हणून शेजारच्या गावांवरून शोध. शिलालेखांसाठी ‘साउथ इंडियन इन्स्क्रिप्शन्स’ या मालेतले मुंबई-कर्नाटकाचे खंड बघ, पहिला 11 वा. आपला जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणून म्हैसूरकडच्या लेखसंग्रहात तो सापडत नाही. गावाचं नाव मिळालं तर त्या पानाची प्रत काढून शाळेत आणि पंचायतीच्या वाचनालयात एकेक दे, आणि मला कळव.