सत्काराची यादी करण्याआधी

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

कोविडकाळात झटलेल्या माणसांच्या सत्काराची यादी मंडळानं तुझ्या गळ्यात घातली, म्हणून तू मला नावं विचारलीस. माझा जन्म आरोग्य खात्यात गेला, नावं देईनच. पण ती शोधायची कशी, ते आधी सांगतो. नुसतं विचारत फिरलीस तर ज्यांचे फोटो पेपरात आले त्यांचीच नावं कानावर येतील.

सावित्रीबाईंचंच बघ. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या आजारी पोराला पाठीवर घेऊन त्या निघाल्या, त्यांनाही लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. हे शाळकरी पोरही सांगेल. पण त्या निघाल्या होत्या कुठे? हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात त्यांच्या मुलानं, डॉ. यशवंतांनी, प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता, तिथे. तो नसता तर पोराला न्यायचं कुठे? म्हणून धावणाऱ्यांबरोबर सोय लावणारेही शोध. ते सहसा कुणाला आठवत नाहीत.

सुरुवात आशाताईपासून, म्हणजे घरोघर फिरणाऱ्या आरोग्य स्वयंसेविकेपासून कर. सत्काराचं बोलू नकोस, तिच्या ओट्यावर बसून काम कसं चालायचं ते विचार. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही घरोघर तपासणीची मोहीम निघाली. एका पथकानं दिवसाला ५० घरं करायची, असा हिशेब. कागदावर ठीक होता. प्रत्यक्षात रानातून आलेल्या बाईचे हात गारठलेले, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजनचा आकडाच येईना. मग हात चोळून ऊब आणायची. नव्या सुनेच्या नखांना नेलपॉलिश, ते खरवडल्याशिवाय आकड्यावर भरवसा नाही. पुढच्या घरी म्हातारबाबांचा आकडा ९३, म्हणजे कमी, आणि बाबा बाजेवरून हलायला तयार नाहीत. त्यांना दवाखान्यासाठी राजी करेपर्यंत दुपार टळायची. त्यानंतरच्या घरात दारातूनच विचारायचे, ‘घर सील करायला आलीस का?’ हे ऐकून घेऊन तिनं परत त्याच दारात जायचं. आमच्या खात्यातल्या धडधाकट पुरुषांनाही हे जमलं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पैशांचंही विचार, लाजू नकोस. २२ मार्च २०२० ला देशानं टाळ्या-थाळ्या वाजवल्या. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशांना मानधनासाठी संपावर जावं लागलं, तेव्हा कुठे १ जुलैपासून महिना दीड हजारांची वाढ मिळाली. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही भारतातल्या आशांना गौरवलं. मंडळाच्या बैठकीत हे सगळं सांग, आणि शाल-श्रीफळाच्या खर्चातून आशाताईला पावसाळ्यासाठी चांगला रेनकोट आणि बूट मिळतात का, तेही विचार. खजिनदार कुरकुरेल, कुरकुरू दे.

उधारीच्या वहीत पानं वाढत गेली तरी ज्यानं कुणाला रिकाम्या पिशवीनं परत पाठवलं नाही तो किराणावाला, सीटमागे प्लॅस्टिक लावून पेशंट नेणारा रिक्षावाला, ही नावं गल्लीत सहज मिळतील. स्मशानातल्या नगरपालिकेच्या माणसांकडे मात्र जपून जा. नातेवाईक जवळ यायला धजत नव्हते तेव्हा अग्नी त्यांनी दिला. पण हे काम करतो म्हटल्यावर घरमालक खोली सोडायला सांगेल, या धास्तीनं त्यातल्या काहींनी ते शेजारीपाजारी कळूच दिलं नाही. आधी परवानगी घे. नको म्हणाले तर नाव यादीत नको, फोटो तर नकोच.

आणखी एक काम, यादीत बसत नाही तरी करच. २०२१ मध्ये वर्गणी काढून आणलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मंडळाच्या खोलीत मखराच्या सामानाखाली पडून आहे. तो बाहेर काढ, जाळी साफ करून घे, चालू करून बघ. तंत्रज्ञाला बोलावून ऑक्सिजन किती टक्के येतोय ते मोजून घे आणि तो आकडा तारखेसह यंत्रावर चिकटव. खोलीची किल्ली कुणाकडे असते, तेही लिही. गेल्या गणपतीत ती शोधण्यात सकाळ गेली होती.

तुझा,
काका